नजरेची तालीम

कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला माणसांचीच भीती वाटते, म्हणून त्याच्या डोळ्यांवर एक यंत्र चढवायचं आणि संगणकाने घडवलेली माणसं त्याच्यासमोर बसवायची, ही कल्पना पहिल्यांदा कानावर आली की हसू येतं. इथे माणसांची काय वानवा आहे? सकाळी साडेआठला डोंबिवलीच्या फलाटावर जाऊन उभं राहावं. हवी तेवढी मिळतील, आणि तीही पासाच्या पैशांत. मग व्हर्च्युअल रिॲलिटीचं हे महागडं सोंग कशासाठी? आक्षेप रास्त आहे. म्हणून या पुस्तकाच्या विषयाची ओळख त्याच्यापासूनच करून दिलेली बरी.

लोकलच्या ऐन गर्दीत कुणी कुणाकडे बघत नाही. खांद्याला खांदा घासत असतो, पण प्रत्येक जण आपापल्या मोबाइलमध्ये, झोपेत नाहीतर विवंचनेत. सोशल अँग्झायटीने, म्हणजे सामाजिक चिंतेने, ग्रासलेल्या पुष्कळ जणांना असा खचाखच भरलेला डबा सोसवतो. त्यांची पंचाईत होते ती डबा जरा मोकळा झाल्यावर. तिघं बसलेल्या बाकावर चौथी सीट मागायची, म्हणजे ‘जरा सरकता का?’ असं तोंडाने म्हणावं लागतं. बसलेल्याला ‘कुठे उतरणार?’ विचारून जागा बोलून ठेवावी लागते. त्याहून अवघड म्हणजे रोजचा ग्रुप. तीच गाडी, तोच डबा, तीच माणसं; वाढदिवसाला केक, दसऱ्याच्या सुमारास डब्यात तोरणं आणि पूजा, कुठे टाळ-भजन. तिथे आपल्याला नावाने ओळखतात, काल का दिसला नाहीत असं विचारतात आणि उत्तराची वाट बघत थांबतात. हे थांबणं ज्याला असह्य होतं तो मुकाट्याने एक गाडी आधीची धरायला लागतो. घरी सांगतो, ‘ती गाडी रिकामी असते.’ घरच्यांनाही ते पटतं.

तेव्हा फलाटावरची फुकटची गर्दी या माणसाच्या कामाची नाही. त्याला सराव हवा आहे तो आपल्याकडे बघणाऱ्या, आपलं बोलणं ऐकणाऱ्या आणि मनातल्या मनात आपल्याला गुण देणाऱ्या चेहऱ्यांचा. असे चेहरे हवे तेव्हा, हवे तितके, हव्या त्या क्रमाने आणायचे कुठून, हा उपचार करणाऱ्यांपुढचा जुनाच प्रश्न आहे.

त्याआधी ही चिंता नेमकी कुठे-कुठे गाठते ते पाहू. न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ मायकेल लिबोविट्झ यांनी १९८७ साली या चिंतेचं मोजमाप करण्यासाठी २४ प्रसंगांची एक यादी मांडली. प्रत्येक प्रसंगाला दोन प्रश्न: भीती किती वाटते, आणि तुम्ही तो किती टाळता? यादी अमेरिकन असली तरी ठाण्याच्या वाचकाला ती परकी वाटू नये. सगळे आधीच बसलेले असताना खोलीत शिरणं हा त्यातला एक प्रसंग. हळदीकुंकवाला उशिरा पोचलेल्या कुठल्याही बुजऱ्या सुनेला विचारा. घेतलेली वस्तू दुकानात परत करणं हा दुसरा. गोखले रोडवरच्या दुकानात घट्ट झालेला कुर्ता परत न्यायचा धीर होत नाही म्हणून तो कपाटात तसाच पडून राहतो. कुणी बघत असताना लिहिणं म्हणजे बँकेच्या काउंटरवर स्लिप भरताना हात थरथरणं. न पटल्याचं उघड सांगणं म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत उभं राहून ‘हा खर्च मला मान्य नाही’ म्हणणं. फोनवर बोलणं, चारचौघांत जेवणं, साहेबांशी बोलणं, नजरेला नजर देणं, सगळं त्यात आहे. आपली भर म्हणून मी दोनच गोष्टी घालीन: कांदेपोह्यांचा कार्यक्रम, आणि लग्नाच्या मांडवात कुठल्याशा काकांनी सगळ्यांदेखत विचारलेलं ‘मग, सध्या काय चाललंय?’

आणि डोंबिवलीपुरती तिसरी. दिवाळीच्या पहिल्या सकाळी फडके रोडवर तरुण मुलामुलींचा जो मेळा भरतो त्याचं वर्णन नेहमी उत्साहाच्या अंगानेच केलं जातं. नवे कपडे घालून, नटूनथटून, ओळखीच्यांना भेटायला आणि खरं तर दिसायला सगळे जमतात. सामाजिक चिंता असलेल्या १९-२० वर्षांच्या मुलाला वर्षातली याहून कठीण सकाळ नसेल. मित्रांचे फोन येत राहतात, हा ‘अभ्यंगस्नान व्हायचंय’ म्हणत दुपार करतो. हा विकार बहुधा पौगंडावस्थेतच सुरू होतो, आणि ‘आमचा जरा अबोल आहे’ या एका वाक्याखाली पुढे वर्षानुवर्षं झाकून राहतो.

अबोल असणं हा आजार नाही, हे इथे ठासून सांगायला हवं. माणसं कमी लागणारी कितीतरी माणसं सुखाने जगतात, त्यांना सुधारायला कुणी जाऊ नये. ब्रिटनमध्ये आयझॅक मार्क्स आणि मायकेल गेल्डर यांनी १९६०च्या दशकात इतर भयगंडांपासून लोकांच्या नजरेची ही भीती वेगळी काढली, आणि १९८०मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत ‘सोशल फोबिया’ म्हणून तिला स्वतंत्र जागा मिळाली. आज निदान करताना पाहतात ते असं: लोक आपल्याला जोखतील ही भीती प्रसंगाच्या मानाने अवास्तव आहे का, ती सहाएक महिने तरी टिकून आहे का, आणि तिच्यापायी शिक्षण, नोकरी, नाती अडताहेत का. वर्गात पहिली येऊनही केवळ तोंडी परीक्षेच्या धास्तीने एखादी मुलगी अभ्यासक्रम बदलत असेल, तर तो स्वभाव म्हणून सोडून देण्याजोगा मामला नाही.

ही भीती अनुभवाने जात का नाही? रोज माणसांत वावरूनही ती तशीच का राहते? मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५मध्ये याचं जे उत्तर दिलं ते या पुस्तकाच्या केंद्रस्थानी आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: चारचौघांत गेल्याबरोबर या माणसाचं लक्ष समोरच्यांवरून उडून स्वतःवर येतं. छातीची धडधड, कानशिलं तापणं, आवाजातला कंप हे सगळं त्याला आतून मोठं जाणवतं, आणि जेवढं जाणवतं तेवढंच बाहेरही दिसत असणार असं तो धरून चालतो. समोरचा प्रत्यक्षात कंटाळलाय, हसतोय की स्वतःच्याच विचारात आहे, हे तो बघतच नाही. जोडीला बचावाच्या युक्त्या असतात: कानात इयरफोन, हातात विनाकारण मोबाइल, सतत सावरली जाणारी ओढणी, मागची रांग, मनात दहादा घोटलेलं वाक्य, आणि सगळ्यांत नेहमीची म्हणजे सोबतच्याला ढोसून ‘तूच बोल ना’. प्रसंग पार पडला की श्रेय युक्तीला जातं. इयरफोन होते म्हणून निभावलं. भीती खरी होती की खोटी, याची परीक्षा झालेलीच नसते.

म्हणजे उपचार करायचा तर युक्त्या सोडायला लावून, लक्ष बाहेर वळवून, माणसाला त्याच प्रसंगात पुन्हा उभं करायला हवं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी हे स्वतःवर करून पाहिलं होतं, आणि ठाण्यात लिहिल्या जाणाऱ्या या प्रस्तावनेत एलिस यांचं नाव येणं स्वाभाविक आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आपल्या तोंडची आयपीएच, सुरू केली. एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी मध्यमवर्गाच्या घरात पोचवण्यात त्यांच्या लेखना-व्याख्यानांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या आधीपासून एलिस यांच्याशी प्रदीर्घ पत्रव्यवहार करणारे कि. मो. फडके इथे ती पद्धती शिकवत होते. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरीही अनेकांच्या वाचनात आली असेल. मानसिक आजाराचा संशय आला की ‘ठाण्याला पाठवा’ म्हणणाऱ्या मुंबईकरांना १९०१ सालचं मनोरुग्णालय तेवढं ठाऊक असतं. त्याच गावात मनाविषयी मोकळेपणाने, मराठीत बोलण्याची ही दुसरी परंपरा आता पस्तिशीच्या घरात आली आहे.

तर एलिस. तरुणपणी मुलींशी बोलायच्या कल्पनेनेच त्यांची गाळण उडायची. वयाच्या १९व्या वर्षी त्यांनी स्वतःला गृहपाठ घातला: ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर जायचं आणि बाकावर एकटी बसलेली जी स्त्री दिसेल तिच्याशी मिनिटभराच्या आत बोलायला सुरुवात करायची. त्यांच्या सांगण्यानुसार अशा १३० जणी झाल्या. ३० जणी उठून गेल्या, १०० जणींशी काही ना काही बोलणं झालं, एकीने पुन्हा भेटायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही. मोहीम साफ फसली, पण भीती गेली, कारण कुणी पोलिस बोलावले नाहीत, कुणाला ओकारी आली नाही, आकाश कोसळलं नाही. पुढे ते आपल्या रुग्णांनाही लाज मोडणारे गृहपाठ देत. भुयारी रेल्वेत प्रत्येक स्थानकाचं नाव मोठ्याने ओरडायचं हा त्यातलाच एक. (आपल्याकडे ते काम ‘पुढील स्थानक’वाल्या बाईंच्या आवाजाने बळकावलं आहे, तरी कळवा, मुंब्रा, दिवा असं कुणी भर डब्यात पुकारून बघावं.)

एलिस यांचा किस्सा आपण कौतुकाने सांगतो, पण आज त्याची दुसरी बाजू नजरेआड करता येणार नाही. त्या १३० जणींना त्यांच्या बाकावर निवांत बसायचं होतं. एका तरुणाच्या उपचारात सामील व्हाल का, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आज ठाण्यात तलावपाळीवर एखाद्या मुलाने हाच गृहपाठ केला तर तो उपचार नव्हे, मुलींना त्रास देणं ठरेल, आणि तसं ठरणं योग्यच. माझ्या मते आभासी माणसांच्या बाजूने असलेला हा सर्वांत कमी मांडला गेलेला मुद्दा आहे: त्यांच्यावर सराव केल्याने कुणाचा बाक हिरावला जात नाही.

आता चेहरे आणायचे कुठून या जुन्या प्रश्नाकडे परत येऊ. दक्षिण आफ्रिकेच्या जोसेफ वोल्पी यांनी १९५८च्या सुमारास कल्पनेतल्या सरावाची रीत रूढ केली: डोळे मिटा, अंग सैल सोडा, भीतीच्या प्रसंगांची पायरी-पायरीने कल्पना करा. रीत गुणकारी होती, पण पळवाटेची सवय झालेला माणूस कल्पनेतही पळवाट काढतो. सभागृह डोळ्यांपुढे आणायला सांगितलं की तो नकळत रिकाम्या खुर्च्या आणतो. उलट प्रत्यक्ष प्रसंग घडवावा तर दवाखान्यात २० श्रोते आणायचे कुठून? आणले तरी त्यातल्या तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांना ‘बरोबर चौथ्या मिनिटाला जांभई द्या’ असं कसं सांगायचं? नाटकाची तालीम पाहिलेल्यांना ही अडचण लगेच समजेल. गडकरी रंगायतनच्या पडद्यामागे उभ्या नवख्या नटाला महिनाभराच्या तालमीने संवाद, हालचाली, जागा सगळं दिलेलं असतं. फक्त प्रेक्षक दिलेला नसतो. आभासी जगाने तालमीला नेमका तोच पुरवला.

सुरुवात मात्र उंचीच्या भीतीपासून झाली. अमेरिकेत अटलांटा इथे बार्बरा रॉथबॉम, लॅरी हॉजेस आणि सहकाऱ्यांनी १९९५मध्ये पूल, गच्च्या आणि काचेची लिफ्ट संगणकावर उभी करून विद्यार्थ्यांची भीती कमी झाल्याचं दाखवलं. त्या काळातली चित्रं म्हणजे रंगीत ठोकळे होते, तरी पाय लटपटत. लंडनमध्ये मेल स्लेटर यांच्या गटाने मग श्रोत्यांकडे मोर्चा वळवला. २००२च्या त्यांच्या प्रयोगात लोकांनी आभासी श्रोत्यांपुढे भाषण केलं. श्रोते कधी तटस्थ, कधी मान डोलावणारे, कधी उघड कंटाळलेले. ही बाहुली आहेत हे वक्त्याला पक्कं ठाऊक असूनही वैतागलेल्या बाहुल्यांपुढे त्याची भंबेरी उडत होती. हे जाणून घेण्याजोगं आहे, कारण लोक पहिली शंका तीच काढतात: खोटं आहे हे माहीत असताना घाबरेल कोण? पण भीतीची यंत्रणा बुद्धीची परवानगी घेऊन चालत नाही. बघणारे डोळे तिला पुरतात.

प्रत्यक्षात सत्र कसं चालतं याचं चित्र वाचकाच्या मनात असावं. यंत्र चढवण्याआधी कागदावर भाकीत लिहायचं असतं, तेही मोघम नाही. ‘वाईट होईल’ चालणार नाही. ‘दुसऱ्या वाक्याला माझा आवाज फुटेल आणि निम्मे लोक हसतील’ असं हवं. मग आभासी खोलीत उभं राहून बोलायचं. थेरपिस्ट बाजूला बसून कळ दाबतो: एक जण घड्याळ बघतो, दोघं कुजबुजतात, कुणी उठून जातो. बोलणाऱ्याने पळायचं नाही, पायांकडे बघायचं नाही, घोटलेलं वाक्य वापरायचं नाही. यंत्राला नजरेचा माग काढता येत असेल तर तो भिंतीकडे बघून बोलतोय की माणसांकडे, हेही कळतं. शेवटी भाकीत काय होतं आणि घडलं काय, याचा ताळा. भीती पूर्ण ओसरलीच पाहिजे असा पूर्वी आग्रह असे. कॅलिफोर्नियाच्या मिशेल क्रास्क यांच्या संशोधनानंतर भर आला तो अपेक्षाभंगावर: घाबरत घाबरत का होईना, जे होणार म्हणून धास्तावलो ते झालं नाही हे माणसाच्या ध्यानी आलं की नवं शिकणं सुरू होतं.

गुण किती येतो? पॅरिसमध्ये एव्हलिन क्लिंजर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ३६ जणांवर पहिला मोठासा प्रयत्न केला. २०१३मध्ये अटलांटाच्या पेज अँडरसन यांनी ९७ जणांची तुलना केली: काहींना आभासी श्रोते, काहींना गटातली खरी माणसं, काही प्रतीक्षायादीत. दोन्ही उपचार सारखेच लागू पडले आणि वर्षभरानंतरही गुण टिकून होता. २०१७मध्ये क्वेबेकच्या स्टेफान बुशार यांच्या ५९ जणांच्या अभ्यासात तर आभासी सराव थोडा सरस ठरला. पण उत्साही मंडळी ज्याचं नाव घ्यायचं टाळतात तो अभ्यास त्याआधीचा, २०१६चा आहे. नेदरलँड्समध्ये इसाबेल काम्पमान यांनी ६० जणांवर केलेल्या तुलनेत प्रत्यक्ष माणसांतला सराव काही मोजमापांवर वरचढ ठरला. फरक कशात होता? काम्पमान यांच्या प्रयोगात विचार तपासण्याचा भाग मुद्दाम वगळला होता, नुसता सराव होता. बुशार यांच्याकडे सराव एका पूर्ण बोधात्मक उपचाराचा भाग होता. मला यातून एवढंच उमगतं की कागदावरचं भाकीत आणि नंतरचा ताळा काढून घेतला तर यंत्र निव्वळ खेळणं उरतं. बाजूला बसून कळ दाबणाऱ्या माणसाचं महत्त्व त्याच्यामुळे कमी झालेलं नाही.

तरीही त्या माणसाची टंचाई ही आपली मोठी अडचण आहेच. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्र नव्हता, पण ज्या १२ राज्यांत ते झालं तिथे नेहमीच्या मानसिक विकारांच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांनी ‘गेमचेंज’ प्रयोगात थेरपिस्टचं बरंचसं बोलणं आभासी प्रशिक्षकाच्याच तोंडी घातलं. बाजूला मदतनीस असला की पुरे. तो प्रयोग सायकोसिसच्या आजारामुळे घराबाहेर पडणं टाळणाऱ्या ३४६ रुग्णांवर झाला, २०२२मध्ये त्याचे निष्कर्ष आले, आणि ज्यांचं घराबाहेर पडणं जवळजवळ थांबलं होतं त्यांना अधिक फायदा झाला. त्यात सहा प्रसंग होते: कॅफे, डॉक्टरकडची प्रतीक्षाखोली, पब, बस, रस्ता, दुकान.

पब! इंग्लंडमध्ये तो हवाच. पण कल्याणच्या रामबागेतल्या तरुणीच्या यादीत त्या जागी काय येईल? इथे मी या पुस्तकाच्या वाचकांकडे, विशेषतः त्यातल्या अभियंत्यांकडे, आशेने बघतो. ठाण्या-ऐरोलीच्या कचेऱ्यांत सॉफ्टवेअर लिहिणारे हजारो हात आहेत. आपल्याला हवे ते प्रसंग अजून कुणी नीट लिहिलेले नाहीत. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाची मुलाखत, ज्यात समोरची बाई मराठीत नाव-गाव विचारते आणि तिसऱ्या प्रश्नाला अचानक इंग्रजीत शिरते. सोसायटीची सभा, ज्यात सेक्रेटरी मध्येच तोडतो. कांदेपोहे, जिथे बोलायला कुणी अडवत नाही पण सासूपणाच्या उमेदवार बाई हाताच्या थरथरीकडे बघताहेत असं वाटत राहतं. ‘अहो’ म्हणायचं की ‘अगं’, काका म्हणायचं की साहेब, या निवडीतही आपल्याकडे धास्ती दडलेली असते. अटलांटाच्या आभासी सभागृहात ती सापडणार नाही.

काही भीती मात्र या यादीत घालू नयेत. रात्रीच्या गाडीत बाईला वाटणारी भीती, आडनाव सांगताच समोरच्याचा सूर बदलतो हे अनुभवलेल्याची धास्ती, उच्चारावरून वर्गात खरंच हसं झालेल्या मुलाचा संकोच: यांतलं भाकीत खोटं नसतं. तिथे यंत्र चढवून ‘बघा, काही होत नाही’ म्हणणं अन्यायाचं होईल. सराव फक्त फाजील भीतीसाठी, आणि फाजील कोणती हे ठरवायला पुन्हा जाणतं माणूसच लागतं. बाकीच्या सावधगिऱ्या किरकोळ आहेत. काहींना यंत्राने मळमळतं. त्यांच्यासाठी सत्रं छोटी ठेवावीत. फोनवर मिळणाऱ्या ॲपांपैकी पुष्कळ ॲप कुठल्याही अभ्यासातून गेलेली नसतात, आणि नजर नि आवाज दोन्ही टिपणाऱ्या यंत्राची नोंद कुणाकडे साठते हे विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे. सोबत नैराश्य असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटावं. औषधांचाही या विकारात चांगला उपयोग होतो आणि त्यात कमीपणा नाही.

हे पुस्तक हाती घेतलेल्यांपैकी काहींनी आजवर कुणालाच काही सांगितलेलं नसेल. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक कधीही लावता येतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. ज्याला फोनच नको वाटतो त्याला फोन करायला सांगणं विचित्र आहे, कल्पना आहे. नंबर आईने किंवा भावाने लावून दिला तरी चालेल. मात्र पलीकडून ‘बोला’ आलं की फोन आपण घ्यायचा आणि ‘तूच बोल ना’ म्हणायचं नाही. पहिलं वाक्य अडखळलं तरी पलीकडच्या माणसाला त्याची सवय आहे.